आत्या पाहुणी होते

आत्याचं अर्धं आयुष्य भावाच्या लॉजमधल्या खाटा लावण्यात गेलं. लॉज कसला, साहेबाच्या काळातली जुनी कचेरी. वरच्या दिवाणखान्यात ओळीने खाटा टाकलेल्या आणि छत एवढं उंच की पंख्याचा वारा निम्म्या वाटेतच दमायचा. पाठीवर बोचकं घेऊन स्वस्तात फिरणारी माणसं यायची आणि सकाळी चहा पिताना किनाऱ्यावरच्या जुन्या गावांची वर्णनं करायची. कुठे घड्याळाचा मनोरा, कुठे लोखंडी कठड्यांच्या गॅलऱ्या, आणि शेवटच्या गावातला तो दीपस्तंभ. आत्या ऐकायची आणि त्यांच्या चादरी काढायची. एकदा तरी आपणही कुणाची पाहुणी व्हावं, एवढीच तिची इच्छा होती.

"दुरून डोंगर साजरे," भाऊ म्हणाला. "तिथेही हेच खांब, ह्याच कमानी."

"मग इथल्या कमानी चार दिवस तू झाड," आत्या म्हणाली आणि भाच्याचं शाळेचं दप्तर पाठीला लावून निघाली.

पहिलं गाव तिने पायीच पालथं घातलं. दुसऱ्या गावात एका जुन्या गोदामाच्या माडीवर स्वस्तातली खाट मिळाली. झोपही छान लागली. घोटाळा झाला तो सकाळी. आत्याचे डोळे उघडायच्या आधी हात कामाला लागले. शेजारची खाट रिकामी दिसली, तशी तिने चादर ओढली, उशीचा अभ्रा काढला, वर पडलेली मळकी पँट उचलली आणि सगळं मोरीतल्या बादलीत भिजवून टाकलं. थोड्या वेळाने एक दाढीवाला प्रवासी टॉवेल गुंडाळून न्हाणीघरातून आला आणि खाटेकडे बघत उभाच राहिला. कमी ओझ्याने फिरायचं व्रत होतं त्याचं. पँट तेवढी एकच.

आत्याचं तोंड एवढंसं झालं. "अगं बाई! मला वाटलं, तुम्ही गेलात."

"पँटीशिवाय कुठे जाणार, मावशी?"

सगळी माडी हसली. आत्याही हसली, पण मनातून खट्टू झाली. मालकीणबाई मात्र भलत्याच खूश. "मावशी, रोज सकाळी एवढं करा नि फुकट राहा. पैसे वाचले की दीपस्तंभाच्या गावाला जाता येईल."

बोलणं काही चुकीचं नव्हतं. आत्याच्या कनवटीला उरलं होतं ते इथल्या आणखी एका रात्रीपुरतं आणि परतीच्या भाड्यापुरतं. ती गोदामाच्या दगडी पायरीवर जाऊन बसली. दीपस्तंभ बघायचा होता, अगदी मनापासून. पण या बोलीवर तो बघायला जाणार होती ती लॉजवरचीच आत्या, नुसतं गाव बदलून.

वर येऊन तिने पैसे मालकिणीच्या हातावर ठेवले. "आजही राहते. पण माझी खाट तू लाव."

मालकिणीने चादर झटकून अंथरली. आत्या खुर्चीवर हात मांडीखाली दाबून बसली, कारण हात नुसते शिवशिवत होते. दीपस्तंभ राहिला याचं वाईट वाटतच होतं. पण आपल्यासाठी कुणीतरी उशी थोपटतंय, हे ती डोळे भरून बघत राहिली. अंथरूण झालं, तशी भर सकाळी ती त्यावर आडवी झाली.

"नीट आहे ना, मावशी?"

"कोपरा सुटलाय," आत्या म्हणाली. "पण मी काही उठत नाही."