मोतीरामची लाथ

शेषराव तायडे पंचायत समितीत शिपाई आहेत. साहेबांच्या दाराशी दिवसभर ते इतके मऊपणे उभे असतात की नवा माणूस त्यांच्यावर छत्री टांगायला जातो. हाच माणूस कबड्डीच्या मैदानात उतरला की समोरच्याचा घोटा असा धरतो की सुटल्यावर घोट्याचा मालक आधी पायाची बोटं मोजून घेतो. डावा कोपरा शेषरावांचा आणि त्यांना लागून उभा राहणारा मोतीराम सुतार. पाय शेषरावांनी धरायचे, कंबर मोतीरामनं मोडायची, अशी जुनी वाटणी. या जोडीनं नांदगाव खंडेश्वर तालुक्यात बऱ्याच बरगड्या वाकवल्या. हे मी निंदा म्हणून सांगत नाही. ज्यांच्या वाकल्या तेही कौतुकानंच सांगतात.

दर हिवाळ्यात पोरांच्या स्पर्धेआधी आमच्याकडे चाळिशी ओलांडलेल्यांचा सामना होतो. वरची आळी विरुद्ध खालची आळी. नियम फारसे नाहीत. बायका पुढच्या रांगेत बसतात, कारण घरी कोणाला उचलून न्यायचं ते वेळेवर कळलेलं बरं.

यंदा वरच्या आळीनं मोतीरामला कॅप्टन केलं. शेषराव "बरं झालं" म्हणाले, पण कडुनिंब चावल्यासारखं. त्यात मोतीराम बोलून गेला, "तुले आता झेपत नाई शेषा, तू जरा मांगंच राय."

शेषराव अर्थातच पुढे गेले. खालच्या आळीचा गोपाल चढाईला आला, आणि शेषरावांनी डाव्या पायावर सगळा भार टाकून त्याच्यावर झेप घेतली. त्याच क्षणी फट्‌ असा आवाज झाला. टाचेच्या वर, मागून, कोणीतरी सणसणीत लाथ घातली होती. त्यांनी वळून पाहिलं. मागे एकच माणूस उभा होता. नवा कॅप्टन.

"लाथ मारतं बे मले? कॅप्टन झाला म्हून?"

उत्तराची वाट न पाहता त्यांनी मोतीरामच्या तोंडावर बुक्की ठेवून दिली. समोरचा दात जागीच पडला. डाव्या पायावर उभं राहवेना, म्हणून शेषराव मोतीरामच्या अंगावर कोसळले आणि पुढचं काम बसून केलं. खालच्या मोतीरामला कारण सापडत नव्हतं, पण हात सापडले. त्यानं शेषरावांचा कान असा पिळला की तो महिनाभर कारल्यासारखा दिसत होता. सोडवायला आलेल्यांना दोन्हीकडून बसल्या, त्यामुळे तेही बाजू घेऊन मारू लागले. वरची आळी वरच्या आळीला बडवत होती. सोडवायला आलेल्या देवरावांच्या कपाळावर वीट लागून रक्ताची धार निघाली. कोणाचा अंगठा कोणाच्या दातात गेला. चुन्याच्या रेषा मैदानावरून उठून लोकांच्या पाठीवर गेल्या. या गोंधळात गोपालच्या लक्षात आलं की आपली चढाई अजून चालू आहे. दम न सोडता त्यानं मारामारी करणाऱ्या सगळ्यांना एकेक हात लावला आणि परत गेला. पंचांनी गुण दिले.

शेवटी शेषरावांच्या पत्नी मैनाबाईंनी नवऱ्याची गचांडी धरून त्यांना ओढत नेलं.

घरी आंबेहळदीचा लेप लागला. पाय सुजून काळानिळा झाला, चवड्यावर उभं राहता येईना, जिना चढता येईना. "पाय हालते ना? मंग तुटलं काय त्यात," असं शेषराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आणि त्याबरोबर मोतीरामच्या दगाबाजीची गोष्टही. ती बाजारात पोचली. सुताराकडे येणारी माणसं हसून विचारू लागली, "दोस्ताले लाथ मारली म्हनते?" मोतीराम दात नसलेलं तोंड मिटून घेई. दोन्ही घरांचं जाणंयेणं बंद झालं. मैनाबाईंना पायापेक्षा हेच जास्त दुखत होतं.

त्याच त्यांना अमरावतीला घेऊन गेल्या. डॉक्टर आकांक्षांनी शेषरावांना पालथं झोपवलं. उजवी पोटरी दाबली, तसं पाऊल खाली झुकलं. डावी दाबली. पाऊल रुसलेल्या जावयासारखं गप्प.

"काका, पोटरीत वरच्या बाजूला दोन डोक्यांचा स्नायू असतो. तो गुडघ्याच्या वरून निघतो. उडी, धावणं त्याचं काम. त्याच्याखाली एक चपटा असतो. तो दिवसभर आपल्याला उभं धरतो आणि पायातलं रक्त वर ढकलतो. त्याला कोणी पाहत नाही."

"ते त मीच," मैनाबाई म्हणाल्या.

"हे दोघं मिळून एका जाड शिरेनं टाचेला बांधलेले असतात. तुमची ती शीर तुटली. पाऊल थोडं हलतं ते आतल्या लहान स्नायूंमुळे. आणि नडगीसमोरचा स्नायू चवडा वर उचलतो, तो शाबूत आहे. ऑपरेशन करावं लागेल."

"लाथीनं तुटली?"

"लाथ नाही. झेप घेताना ताण पडून तुटते. पण तुटताना वाटतं की मागून कोणी लाथ मारली. पुष्कळ जण वळून बघतात."

"अन् मंग?"

"मग मागे कोणी नसतं."

"असलं तर?" शेषरावांनी विचारलं. डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. मैनाबाईंना कळला.

"पयले नांदगाव. ऑपरेशन मंग," शेषराव म्हणाले.

मोतीराम अंगणात चौकट करत बसला होता, हातात पटाशी. मैनाबाई घाईघाईनं दोघांच्या मध्ये उभ्या राहिल्या. शेषराव काठीवर तोल सांभाळत म्हणाले, "मोत्या, लाथ तू नाई मारली."

"मले माहीत हाये. मी होतो ना तिथं."

"मंग तवाच सांगा लागत होतं."

"तोंडात तुयी बुक्की होती."

मोतीरामनं पटाशी खाली ठेवली, मैनाबाईंना "वैनी, सरका" म्हटलं आणि शेषरावांच्या कानाखाली अशी वाजवली की झाडावरचे कावळे उडाले. मग मोतीरामनं पायानं पाट सरकवला. "बस. त्या पायावर उभा काहून राह्यला?"

दवाखान्यात सोबतीला मोतीरामच राहिला. शेजारच्या खाटेवर परतवाड्याचे एक गृहस्थ होते. पट्टी बघून त्यांनी विचारलं, "काय झालं हो भाऊले?"

"मी लाथ मारली," मोतीराम म्हणाला.

शेषराव उठून बसले. "खोटं काहून बोलून राह्यला बे?"

"चूप राय. एवढा मार खाल्ला त्या लाथेपायी. आता ते लाथ माही हाये."

परतवाडेकरांनी शेषरावांकडे पाहिलं. "लय जोरात मारली काय?"

शेषरावांनी थोडा विचार केला.

"लयच," ते म्हणाले.