दुसरं नाव

"भाऊजी, हे गेले," सुनंदावहिनींनी फोनवर सांगितलं. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की विन्या मरून माझ्यावर शेवटचा सूड घेऊन गेला आणि फेडायची सोय ठेवली नाही...

नऊ वर्षांपूर्वी मीच त्याला भल्या सकाळी भाट्याच्या खाजणात, खाडीकाठच्या चिखलात, बोलावलं होतं, पट्टकादंब उतरलाय म्हणून. हिमालय ओलांडून येणारा हा रानहंस, डोक्यावर दोन काळे पट्टे. रत्नागिरीत दिसणं म्हणजे नवलच. विन्या दुर्बीण घेऊन स्कूटरवरून आला. तेवढ्यात माडांमागून एक बाई भाताचं भांडं वाजवत आली आणि माझा हिमालयातला पाहुणा तुरुतुरु तिच्यामागे चालत गेला. पायात सुतळी होती. पट्टे म्हणजे चिखल. विन्याने ही गोष्ट केस कापायच्या दुकानापासून माझ्या मुलीच्या लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडे सांगितली. व्याह्यांना तर दोनदा.

गेल्या वर्षीच्या थंडीत माझी पाळी आली. "मेल्या, पट्टकादंब! सात आहेत, सात. लगेच ये," फोनवर त्याचा आवाज कापत होता. आम्हा पक्षी बघणाऱ्यांचा नियम असा, की दुर्मीळ पक्षी दोघांनी पाहिल्याशिवाय वहीत पक्का होत नाही. हे ठाऊक असूनच मी विचारलं, "पायात सुतळी बघितलीस?" आणि फोन ठेवून पोहे खात बसलो. इतके चविष्ट पोहे मी जन्मात खाल्ले नव्हते.

तेराव्यानंतर वहिनींनी त्याची वही दाखवली. ती नोंद त्याने स्वतः खोडली होती. शेजारी एवढंच, 'तो आला नाही.' शिवीसुद्धा नाही. शिवी चालली असती...

गेल्या आठवड्यात खाजणात पाच पट्टकादंब उतरले. मी धावत वहिनींकडे गेलो. "चला, दुसरं माणूस हवंय."

"चाळीस वर्षांत ह्यांनी मला एकदा नेलं नाही. म्हणायचे, तू बोलतेस, पक्षी उडतात," म्हणत त्यांनी चपला घातल्या. चिखलात उभं राहून, विन्याच्या दुर्बिणीतून त्या कितीतरी वेळ बघत होत्या. एक अक्षर बोलल्या नाहीत.

घरी आल्यावर मी वही उघडली. "विन्याची खोडलेली नोंदही आता पक्की करू या."

"ती तशीच राहू दे. तुम्ही आला नव्हतात."

नव्या पानावर त्यांनी तारीख घातली, 'पाच' लिहिलं आणि खाली स्वतःचं नाव. मग पेन माझ्याकडे सरकवलं. "दुसरे तुम्ही."

मी सही केली. वही, दुर्बीण दोन्ही त्यांनी विन्याच्या पिशवीत भरल्या आणि पिशवी दाराशी, त्याच्याच खुंटीला अडकवली.

"उद्या सहाला या," त्या म्हणाल्या. "नाही आलात तर मी दुसरा माणूस शोधीन."