वैशालीची पिशवी कुजेना

आमच्या घरात उतारा, लिंबू-मिरची, नजर काढणं यातलं काहीच कधी नव्हतं. आम्ही बौद्ध, वडील शिक्षक. 'दिसलं ते सांग, वाटलं ते वेगळं सांग' ही त्यांची शिस्त. अशा गूढ अनुभवांच्या सदरात मी कधी लिहीन असं स्वप्नातही नव्हतं. पण लिहितेय... आणि जे दिसलं तेवढंच लिहितेय.

धुळ्याहून मी रोज नरडाण्याला एका छोट्या खासगी लॅबमध्ये जायचे. आमचं काम बॅक्टेरियाचं. त्यांचे जीन्स बदलायचे, केळीच्या खोडातून काढलेली साखर त्यांना खायला घालायची आणि त्यांच्याकडून प्लास्टिक बनवून घ्यायचं — मातीत कुजणारं. त्याच्या आम्ही केळीच्या रोपांसाठी पिशव्या करायचो. रोप पिशवीसकट लावायचं, पिशवी आपोआप विरून जाणार.

माझ्या जोडीला वैशाली होती, चाळीसगावकडची. ते बॅक्टेरिया तिनेच घडवलेले. पहिल्या पिशव्या आम्ही लॅबमागच्या वाफ्यात मिळून लावल्या. एक मात्र तिने एकटीने लावली. "ही माझी. हिला हात लावू नको," म्हणाली. पुढे लगेच तिला तापाचं निमित्त झालं आणि... ती परत आलीच नाही.

पावसाळा संपल्यावर वाफा उकरला. सगळ्या पिशव्या विरल्या होत्या. वैशालीची तशीच, कोरी करकरीत. आत मुळं दाटलेली, रोप खुरटलेलं.

लॅबचे प्रमुख, आमचे सर म्हणाले, "चुकून साधी पॉलिथिनची लागली असेल."

मी कडेचा तुकडा कापून तपासला. आमचंच प्लास्टिक. तो तुकडा शेजारीच पुरला, तर तो कुजला. पिशवी ढिम्म.

"रिपोर्टमधून काढून टाक ती," सर म्हणाले. "पाहणीला लोक येणार आहेत."

"का काढू? झालंय ना तसं?"

"कारण सांगता येईल तुला?"

"नाही. तसंच लिहीन."

त्यांनी माळ्याला रोप उपटायला पाठवलं. मी वाफ्यात जाऊन उभी राहिले. म्हटलं, मी इथे आहे तोवर नाही. माळी बिचारा परत गेला.

नंतर एका दुपारी वैशालीची आई तिचं सामान न्यायला आली. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणायचो. मी त्यांना वाफ्याकडे नेलं.

"मन्ही पोरनं काम शे हाई?"

"हो अक्का. तिनेच लावलेलं."

त्या खाली बसल्या. माती बाजूला सारून पिशवीवर तळहात ठेवला. "बठ्ठं व्हयनं, माय. सोडी दे आते," सगळं झालं, आता सोडून दे, एवढंच म्हणाल्या. रडल्या नाहीत. हात झटकले आणि एसटी चुकेल म्हणून निघाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी घालायला गेले, तर पिशवी हाताला लागेना. बोटांत नुसता ओला चुरा. त्याखाली मुळं — मोकळी.

माती तीच, पाणी तेच, ऊन तेच. कोणी अदलाबदल केली म्हणाल, तर वाफ्यावर कॅमेरा होता. मी सगळं पाहिलं. अक्का गेल्यावर तिथे कोणीही फिरकलं नव्हतं.

रिपोर्टमध्ये मी दोन्ही लिहिलं: कुजली नाही, आणि मग एकदम कुजली. सरांनी ते गाळून नवा रिपोर्ट पुढे केला. मी त्यावर सही केली नाही. माझं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. आता जळगावला दुसऱ्या लॅबमध्ये हेच काम करते.

लोक म्हणतात, पोरीचा जीव अडकला होता. मी म्हणते, सिद्ध करा. सर म्हणतात, तुझीच काहीतरी चूक. त्यांनाही म्हणते, सिद्ध करा. मला उत्तर सापडलेलं नाही, पण सोयीचं उत्तर मी कोणाकडूनच घेणार नाही.

अक्कांचा अधूनमधून फोन येतो. एकदा धीर करून विचारलं, "अक्का, तुम्हाला काय वाटतं, काय झालं असेल?"

"तिनी माय शे मी," त्या म्हणाल्या.

त्यांचं तेवढ्यावर भागत असेल. माझं नाही भागत. मी अजून विचारतेच आहे.