जर्दाळू रंगाचं बी

फुललेलं झाड मुळासकट उपटणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे दोरेकाका. एप्रिलच्या उन्हात वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत झिनिया फुलायची, लाल, गुलाबी, पिवळी, आणि जाणारा-येणारा दोन मिनिटं थांबून बघायचा. तेवढ्यात काका वाकत, फुलांनी डवरलेलं एखादं गुलाबी झाड बुडाशी धरत आणि उपटून बाजूला टाकत. बायका हळहळायच्या, "अहो काका, किती सुंदर होतं ते." काका माती झटकत म्हणायचे, "सुंदर होतं. पण आपलं नव्हतं."

आपलं म्हणजे जर्दाळू रंगाचं. फार वर्षांपूर्वी लाल झिनियाच्या वाफ्यात त्या रंगाचं एकच फूल आपलं आपण उमललं होतं. ते काकूंनी आधी पाहिलं, स्वयंपाकघराच्या खिडकीतून. त्या बाहेर आल्या आणि शिवणाच्या डब्यातला लाल दोरा त्याच्या देठाला बांधून गेल्या, म्हणजे कुणी तोडू नये आणि बी धरावं. तेव्हापासून बियासाठी राखायच्या प्रत्येक फुलाला लाल दोरा. पुढे काकू गेल्या, रीळ राहिलं. फुलपाखरं या फुलावरून त्या फुलावर बसतात आणि रंगाची भेसळ होते, म्हणून काका दुसऱ्या रंगाची झाडं दिसताक्षणी उपटत. त्यांचं खरं आडनाव सोसायटीच्या पाटीवर होतं, पण पोस्टमनसुद्धा त्यांना दोरेकाकाच म्हणायचा.

ते एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते आणि झिनियाही त्यांनी नकाशा काढल्यासारखीच वाढवली. महाशिवरात्रीच्या आधी पेरणी. चार पानांवर रोप हलवायचं, वीतभर झालं की शेंडा खुडायचा. पाणी घालताना आमच्यापैकी कुणी पाइप वर धरला की ओरडायचे, "पानं नको भिजवूस, भुरी येईल. तहान मुळाला लागते." फूल कापायचं झालं तर देठ तिरका कापायचा, हेही त्यांनीच मला शिकवलं. ते मी नीट शिकलो. पुढे उपयोगी पडलं.

पावसाआधी वाळलेली फुलं चुरून ते बी काढत आणि खाकी पाकिटांत भरत. पाकिटावर ड्राफ्ट्समनच्या सुबक अक्षरात तीन ओळी असत: फूल, रंग, बी राखणारा. स्वतःसाठी एक पाकीट, बाकीची सोसायटीत वाटायची. कुणी पुढच्या वर्षी प्रामाणिकपणे सांगितलं, "काका, लावायचं राहिलं हो," की त्याचं पाकीट बंद. राग नाही, भांडण नाही, नुसतं बंद. अशी एकेक करत सगळ्यांची पाकिटं बंद झाली. माझं चालू राहिलं, कारण मी खोटं बोलत होतो.

"आली का रे, सतीश?"

"आली ना काका, मस्त आलेली."

"जर्दाळूच ना?"

"एकदम."

माझी गॅलरी तिसऱ्या मजल्यावर, भरीव कठड्याची, खालून आतलं काही दिसायचं नाही. गुडघ्यांमुळे काका कधी वर चढले नाहीत. पाकीट मी न बघता खिशात घालायचो, खिशातून ते ड्रॉवरमध्ये जायचं आणि दिवाळीच्या साफसफाईत केराच्या डब्यात. एका म्हाताऱ्या माणसाला बरं वाटतं, आपलं काय जातं, असा माझा हिशेब होता. स्वतःला मी चांगला माणूस समजत होतो.

सोसायटी पाडून टॉवर बांधायचं ठरलं तेव्हा मी सेक्रेटरी होतो. करारावर सह्या करायला बिल्डरची माणसं एप्रिलमध्ये येणार होती. नेमके त्याच आठवड्यात काका मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे डोंबिवलीला गेलेले. जाताना झाडांना पाणी घालायचं काम माझ्यावर सोपवून गेले. त्या वर्षी बारा झाडं मनासारखी आली होती. बारा झाडं, बारा दोरे. चेअरमन म्हणाले, "हार-बुके तर सगळेच देतात रे. आपल्या सोसायटीतली फुलं देऊ, इम्प्रेशन पडेल." आणि मी कात्री घेऊन खाली गेलो.

दोरा कशासाठी असतो ते मला ठाऊक होतं. आमच्या सोसायटीतल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. पण ती फुलं सगळ्यांत मोठी होती आणि एका रंगाची होती. शिवाय ही जागा आता जाणारच आहे, असं मी मनाला सांगितलं. एकूण एक फूल घेतलं, देठ तिरके कापले. दोरे सोडवून टाकून दिले, कारण बुकेत ते बरे दिसले नसते. बिल्डरच्या माणसाने बुके घेतला, फोटो काढला आणि निघताना खुर्चीवर विसरून गेला.

काका परत आले ते काळा चष्मा लावून. थेट मागे गेले. नीट दिसत नव्हतं, म्हणून एकेका झाडावरून हात फिरवत राहिले. मी मागे उभा होतो.

"तिरकं कापलंय," ते म्हणाले.

"काका, मीच कापली. बिल्डरची माणसं आलेली, कमिटीने सांगितलं..."

त्यांनी बोटांवर आठवडे मोजले. नवं फूल यायला तीन आठवडे, त्यात बी पक्कं व्हायला आणखी पाच, आणि जागा रिकामी करायला उरला होता एक महिना. घरात जुनं बी नव्हतं. राखलेलं सगळं ते दरवर्षी पेरून टाकत. बियाने मातीत जावं, डब्यात बसू नये, असं त्यांचं म्हणणं. मग ते वळले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे. तुझ्याकडचं आहे ना? तू लावतोस म्हणून बरं. मला त्यातलं चमचाभर दे."

तेव्हा खरं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "देतो ना काका." घरी येऊन ड्रॉवर उपसला. शेवटचं पाकीट सापडलं, कसं कोण जाणे दिवाळीतून वाचलेलं. आत पावसाळी ओलीने बुरशी धरलेला भुसा. दुसऱ्या दिवशी मी खोपटला बसडेपोच्या बाजूच्या नर्सरीत गेलो, चित्रावर त्यातल्या त्यात तसाच रंग असलेलं झिनियाचं पुडकं घेतलं आणि ते काकांच्या जुन्या पाकिटात ओतून त्यांना नेऊन दिलं. त्यांनी पाकीट दोन्ही हातांनी घेतलं.

इमारत रिकामी झाली. काका ठाकुर्लीला भाड्याच्या घरात गेले. पुढच्या मे महिन्यात त्यांचा फोन आला, "फुललीये. बघायला ये." गॅलरीत कुंड्यांची रांग होती. काकांची झिनिया कमरेएवढी व्हायची, ही गुडघ्याच्याही खाली, ठेंगणी, गच्च पाकळ्यांची, भडक नारिंगी. मधे दोन-तीन गुलाबी.

"उंची कमी झाली रे," काका म्हणाले.

"गॅलरीत होते तशी काका. ऊन कमी पडतं."

"हं."

काकांनी गुलाबी झाड उपटलं नव्हतं. एकाही देठाला दोरा नव्हता. मला ते दिसलं आणि मी ठरवून टाकलं की काका थकले, आता त्यांच्याने होत नाही. चहा झाला. मुलीची ख्यालीखुशाली झाली. निघताना त्यांनी नेहमीसारखं खाकी पाकीट हातात दिलं. "हे तुझं," एवढंच म्हणाले. मी नेहमीसारखं न बघता खिशात घातलं.

त्याच्या पुढच्या वर्षी पावसाळ्यात काका गेले. मधल्या वर्षभरात मी त्यांना दोनदा फोन केला, दोन्ही वेळा गडबडीत. दोन्ही वेळा त्यांनी विचारलं, "पाकीट बघितलंस का?" आणि मी म्हणालो, "बघितलं ना काका, लावलंसुद्धा."

त्या दिवाळीत ड्रॉवर आवरताना ते हाताला लागलं, आधीच्या दिवाळीतून वाचलेलं. उघडायचीसुद्धा गरज नव्हती, सगळं बाहेरच होतं, त्याच सुबक अक्षरात.

फूल: झिनिया.
रंग: विकतचा.
बी राखणारा: सतीश.