पुंगळ्यांची घंटा

पोलीस ॲक्शन झाली त्या साली हिवाळ्यात चारठाण्याच्या अलीकडच्या माळावर फौजेची एक तुकडी महिना-दीड महिना तळ देऊन होती. रोज सकाळी जवान टेकडीकडे तोंड करून पालथे पडायचे आणि निशाणबाजीची कवाईत करायचे. पहिले दोन दिवस आमच्या हटकरवाड्यातल्या, म्हणजे मेंढक्यांच्या आळीतल्या, कोंबड्यासुद्धा खुराड्याबाहेर आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी कोंबड्यांना सवय झाली, माणसांनाही झाली, आणि सगळ्यांचं लक्ष गोळीवरून पुंगळीवर गेलं.

उडालेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या फौजेतली माणसं मोजून परत न्यायची. तरी कुसळी गवतात आणि काळ्या मातीत दबून पुष्कळ मागं राहिल्या. तळ उठला त्याच्या दुसऱ्या दिवशी सगळं गाव माळावर वाकलेलं होतं, भुईमुगाच्या शेंगा वेचायला वाकतं तसं. आता रिकाम्या पुंगळीचं करायचं काय, हा प्रश्न जगात कुणाला पडत असेल तर पडो, आमच्या गावाला पडला नाही. पोरांनी शिट्ट्या केल्या आणि महिनाभर गावाचे कान किटवले. बायकांनी तोंडाला चिंधीचा बोळा बसवून काजळ ठेवलं. मेंढक्यांनी पुंगळ्या कापून काठ्यांच्या टोकाला शेंबी म्हणून ठोकल्या. माणिकराव पाटलांनी तर बारा पुंगळ्या घासूनपुसून बैठकीच्या फळीवर ओळीनं मांडल्या, आणि त्या आपणच झाडल्या असाव्यात अशा थाटात ते पाहुण्यांना दाखवायचे. पोलीस ॲक्शनच्या आठवड्यात पाटील सासुरवाडीला होते, हे गावाला माहीत होतं. पण पाहुण्यांदेखत कुणी बोललं नाही. तेव्हा माणसं एवढी सांभाळून घेत असत.

सगळ्यांत जास्त पुंगळ्या सापडल्या त्या बायनाबाईला. बायना ही रायभान हटकराची बायको. पालमकडची पोर, चौदाव्या वर्षी लग्न होऊन इकडे आली, अंगानं किरकोळ, बोलायला त्याहून किरकोळ. ती चार दिवस माळावर गेली आणि शेरभर पितळ ओच्यातून घरी घेऊन आली. जिंतूरचा चन्नप्पा भांडीवाला तेव्हा गावोगाव फिरून पुंगळ्या मोडीत घेत होता आणि बदल्यात भांडं देत होता. गळ्यात लिंग, कपाळावर भस्म आणि तोंडात साखर, असा हा माणूस. त्यानं बायनासमोर एक झकास लोटा ठेवला. सासू अंबाबाईचा जीव त्या लोट्यात अडकला. बायनानं मान हलवली. चन्नप्पानं लोट्यात पळी घातली. बायनानं पुन्हा मान हलवली आणि पुंगळ्यांचं गाठोडं आत नेऊन ठेवलं. तिला घंटा हवी होती. घंटा मेंढरांसाठी, पण खरं तर सासऱ्यासाठी.

सासरा ग्यानबा. त्याच्या डोळ्यांत फुलं पडून नजर गेली त्याला बारा वर्षं झाली होती. पण दिसत नाही म्हणून तो एक दिवस घरी बसला नव्हता. कळपाच्या म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यात घंटा असायची. तिच्या आवाजावर ग्यानबा कळपाच्या मागं मागं चालायचा. चढ कुठं, ओढा कुठं, सगळं त्याला त्या आवाजावरून कळायचं. दिवाळीनंतर सगळा कुटुंबकबिला मेंढरं घेऊन गंगाखेडच्या अंगाला, गोदाकाठी उतरायचा. तिथले शेतकरी आपल्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला ग्यानबाची वाट बघायचे. घंटा ऐकली की बांधावर येऊन रामराम करायचे.

मग पोलीस ॲक्शनच्या आधल्या साली निजामाच्या रझाकारांची धामधूम सुरू झाली. घंटा वाजली की मेंढरं कुठं आहेत ते कळायचं, आणि कळलं की ती हाकून नेली जायची. शेजारच्या दोन कळपांचं तसंच झालं. ग्यानबानं स्वतः मुलाला बोलावून सांगितलं की घंटा उतरव. रायभाननं ती उतरवली आणि पूर्णेच्या डोहात टाकली. मेंढरं वाचली. म्हातारा मात्र त्या दिवसापासून मेंढरांच्या वाडग्याच्या दाराशी बसला तो बसलाच. हाताला धरून नेतो म्हटलं तर त्याला ते कमीपणाचं वाटायचं. वर्ष-सव्वा वर्षात त्याच्या पायांच्या काड्या झाल्या. पुढं पुढं तो अर्धी भाकरी खाऊन हात धुवायला लागला. रायभान म्हणायचा, वय झालं. बायनाला ते पटत नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर माणूस विझत होता आणि ती सून होती. सून सासऱ्याशी बोलत नाही. दृष्टी गेलेल्या सासऱ्यापुढूनही ती डोक्यावर पदर घेऊनच जायची. पण रोज त्याचं उरलेलं ताट उचलणारी तीच होती, आणि ताट काय ते सांगत होतं.

ती रायभानला घेऊन घंटा ओतून घ्यायला जिंतूरला सटवाजी ओताऱ्याकडे गेली. सटवाजीनं एकेक पुंगळी उन्हात धरून आत पाहिलं. आत चिखल किंवा ओल राहिली तर मूस उसळते आणि ओताऱ्याचे डोळे जातात. बायनानं आधीच राखेनं आणि बाभळीच्या काट्यानं प्रत्येक पुंगळी साफ करून आठ दिवस उन्हात वाळवली होती. सटवाजीला नाव ठेवायला जागा सापडली नाही, त्यामुळं तो थोडा हिरमुसला. मग त्याला जागा सापडली.

"बाई, हे पितळ भांड्याचं हाय," तो म्हणाला. "घंटा व्हईल, पर बोदी वाजंल. चार पावलांवर ऐकू यायची न्हाई. घरात काशाचं काही हाय का?"

बायनाकडे एक काशाची वाटी होती. माहेरची. बाळंतपणात आईच्या तळपायांना तेल लावून घासायची ती वाटी, आणि आई गेल्यावर तिची म्हणून एवढीच वस्तू बायनाकडे आली होती. रायभान म्हणाला, राहू दे, बोदी तर बोदी. पुढच्या बाजाराला बायनानं वाटी पदरातून आणून सटवाजीच्या हातात दिली आणि तोंड फिरवून भात्याकडे बघत बसली. वाटी मुशीत गेली तेव्हा ती रडली नाही असं रायभान सांगायचा. मला ते खरं वाटत नाही.

शिमग्याच्या आधी घंटा घरी आली. काळपट पिवळी, मूठभर, पण आवाज असा की माळाच्या पल्याड जावा. रायभाननं ती बापाच्या हातात दिली. ग्यानबानं ती बराच वेळ चाचपली, नखानं एकदा वाजवली, कानाशी धरून आवाज विरेपर्यंत थांबला. मग त्यानं एवढंच विचारलं की उद्या मेंढरं कोणत्या अंगाला न्यायची.

आणि इथंच सगळं फसलं. जुना म्होरक्या त्या धामधुमीतच मेला होता. नव्या म्होरक्याच्या गळ्यात कधी घंटा पडली नव्हती. अर्धा कळप त्या मुक्या वर्षात जन्मलेला, त्यांनी घंटा ऐकलीच नव्हती. हटकरानं मेंढरांना घंटा शिकवायची असते, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही, कारण मेंढरं आजवर आईच्या पोटातूनच घंटा ऐकत यायची. सकाळी घंटा गळ्यात बांधली आणि म्होरक्या आपल्याच गळ्यातल्या आवाजाला भिऊन जो उधळला तो थेट ओढ्यापार. मेंढरं दाही दिशांना. ती गोळा करायला दिवस मावळला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच, आणि दोन कोकरांचे पाय मोडले. रायभाननं घंटा काढून खुंटीला अडकवली आणि हात जोडले. त्या रात्री ग्यानबानं भाकरी परत पाठवली, अख्खी.

दुसऱ्या दिवशी बायनानं खुंटीवरची घंटा काढून आपल्या कमरेला बांधली आणि मिठाची पाटी घेऊन ती वाडग्यात शिरली. मिठाला मेंढरू जीव देतं. मेंढरं आधी बिचकली, मग एक आलं, मग दोन. ती रोज सकाळ-संध्याकाळ घंटा वाजवत वाडग्यातून फिरायची आणि मूठ मूठ मीठ द्यायची. हटकरवाड्यात हसून हसून पुरेवाट झाली. रायभाननं नवी म्हैस आणली काय, असं विचारून गेलेल्या बायका अजून माझ्या कानात आहेत. पंधरा दिवसांनी घंटा वाजली की सगळा कळप माना वर करायला लागला. म्होरक्या मात्र ती गळ्यात बांधून घेईना. दोनदा पाहिलं, दोनदा उधळला.

तेव्हा बायनानं नवऱ्याला सांगितलं की घंटा माझ्या कमरेला राहू दे, मी पुढं चालते. रायभान चाट पडला. कळपाच्या पुढं गडी चालतो. बाईमाणसाचं काम चूल आणि वाडगं. त्यातून सून सासऱ्याच्या पुढं चालणार, हे तर कुणी ऐकलंही नव्हतं. पण पर्यायही नव्हता. रायभानला दिवसभर कडेनं पळून चुकार मेंढरं वळवावी लागायची, त्याच्या आवाजामागं गेला असता तर आंधळा माणूस काट्यात पडला असता. अंबाबाई चार दिवस फुरंगटली आणि पाचव्या दिवशी तिनं चूल आपल्याकडे घेतली. म्हाताऱ्याला घंटा म्होरक्याच्या गळ्यात आहे असं सांगायचं ठरलं. सगळ्या वाड्यानं ते पाळलं, हसणाऱ्या बायकांनीसुद्धा.

असे ते निघाले. पुढं पदर खोचलेली बायना, तिच्यामागं मिठाच्या आशेनं दीडशे मेंढरं, आणि सगळ्यांत शेवटी काठी टेकत, मान जराशी तिरकी करून ऐकत चालणारा ग्यानबा. पहिल्या दिवशी तो ओढ्यापर्यंत आला. महिन्यानं टेकडीपर्यंत. भाकऱ्या दोनावर गेल्या. दिवाळीनंतर ते गोदाकाठी उतरले तेव्हा गंगाखेडच्या अलीकडे एक शेतकरी बांधावर येऊन म्हणाला की घंटा नवी दिसतीय. ग्यानबा ऐटीत म्हणाला की जुनीपेक्षा चांगली हाय. तो हिवाळा काय होता! उन्हं पडली की काळ्या रानातून वाफ निघायची, ज्वारी कानाला लागलेली असायची आणि त्या घंटेचा आवाज त्यातून वाट काढत यायचा. ज्यांनी ऐकला त्यांच्यातले आता दोघं-तिघंच उरलेत.

दुसऱ्या वर्षीही ते असेच गोदाकाठी उतरले. एका दुपारी मेंढरं बाभळीच्या सावलीला बसली होती. ग्यानबानं हाक मारली. मुलाला नाही, बायकोला नाही.

"पोरी, इकडं ये."

बायना दचकली. कमरेची घंटा मुठीत घट्ट दाबून ती पुढं आली आणि उभी राहिली.

"दाबू नको," म्हातारा म्हणाला. "पहिल्या दिसापासनं ठावं हाय मला. मेंढा चरत चालतो, त्याची घंटा अडखळत वाजती. ही सरळ चालायलीय. आन् मी मागं पडलो की ही थांबायलीय. म्हाताऱ्यासाठी मेंढा कशाला थांबंल?"

बायनानं मूठ उघडली आणि घंटा कमरेला लोंबू दिली.

"आठ दिस झाले, चाल जड झालीय," तो म्हणाला. "कितवा म्हैना?"

चौथा, असं ती इतक्या हळू म्हणाली की दुसऱ्या कुणाला ऐकू आलं नसतं. ग्यानबाला आलं. त्यानं काठी बाजूला ठेवली आणि दोन्ही पाय लांब करून बसला.

"मेंढरं आता रायभानच्या हाळीवर बी चालतात. घंटा माझ्यासाठीच व्हती. ती सोड कमरेची. उद्यापासनं तू तळावर बसायचं, मी बी तुझ्यापाशी बसतो."

तुमचं चालणं बंद व्हईल, असं बायना सासऱ्याला तोंडावर म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा.

"लय चाललो, पोरी," ग्यानबा म्हणाला. "दोन वर्सं तुझ्याच पायानं चाललो. आता त्यांना बसू दे."