दोराला तेल कोणी लावले?

दोराला तेल कोणी लावले, एवढ्या एकाच प्रश्नाचे उत्तर शोधायला मी त्या दिवशी निघालो होतो. पोलिसाच्या नोकरीत याहून मोठी प्रकरणे हाताळली. त्यांतली बरीचशी आता कागदांपुरती उरली आहेत. ती सकाळ मात्र अजून डोळ्यांपुढून हललेली नाही.

दसरा होऊन कामाचा पहिला दिवस होता. बेळगावच्या दक्षिणेला, मच्छे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पाण्याची उंच टाकी रंगवण्याचे काम चालू होते. टाकी सात मजली इमारतीएवढी. त्या हंगामात आमच्याकडे सकाळी धुके इतके दाट उतरते की भाताची शिवारे, रस्ते, राजहंसगडाचा डोंगर, सारे दुधात बुडाल्यासारखे दिसते. टाकीचे खांब धुक्यात नाहीसे झाले होते आणि वरचा पांढरा घुमट आधाराशिवाय तरंगत होता, असे प्रत्येक साक्षीदाराने आपल्या जबाबात सांगितले. जबाबात अशी वाक्ये सहसा येत नाहीत. त्या दिवशी ती आली, आणि आमच्या हवालदाराने ती निमूटपणे लिहून घेतली.

नावे देत नाही. जो पडला त्याला रंगारी म्हणतो आणि जो त्याला आणायला उतरला त्याला दोरवाला. दोघे खानापूर तालुक्यातल्या एकाच गावचे, शेजारच्या शेतांचे. ओढ्याचे पाणी कोणाच्या खाचरात आधी जायचे, यावरून दोन्ही घरांत जुने वैर होते. दसऱ्याच्या आठवडाभर आधी कामावरच दोघे हातघाईवर आले, तेव्हा दोरवाला सर्वांदेखत म्हणाला होता, "तुझी हाडं मोजून ठेव."

घडले ते असे. ओल्या फळीवरून रंगाऱ्याचा पाय सरकला. कमरेच्या आणि मांड्यांच्या सुरक्षा पट्ट्याने त्याला झेलले, पण टाकीच्या कडेवर डोके आपटून तो बेशुद्ध झाला आणि घुमटाखाली मोकळ्या हवेत लटकत राहिला. येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. पट्ट्यात लटकलेला माणूस खालून सुरक्षित दिसतो. तो तसा नसतो. मांड्यांच्या पट्ट्यांमुळे पायांतले रक्त वर परतत नाही, आणि हालचाल नसेल तर काही मिनिटांतही जिवावर बेतू शकते. शहरातून अग्निशामक दलाची गाडी येईपर्यंत थांबणे शक्य नव्हते. दोरवाल्याने स्टोअरमधून सुटकेच्या सामानाची पिशवी उचलली, तो शिडीने वर गेला, दोर बांधला आणि रंगाऱ्यापर्यंत उतरला.

त्या सामानात दोराबरोबर उतरण्याचे एक छोटे यंत्र असते. त्याचा दांडा दाबला की दोर सरकतो, सोडला की दोर आवळला जातो आणि माणूस जागच्या जागी थांबतो. दोरवाल्याने रंगाऱ्याला स्वतःच्या पट्ट्याला अडकवले, रंगारी ज्यावर लटकला होता तो दोर कापला आणि दोघे धुक्यातून खाली येऊ लागले. बघणाऱ्यांना ते उतरत आहेत असे वाटलेच नाही. झाडाचे पान वाऱ्यावर रेंगाळावे तसे ते दिसले. मग पान एकाएकी दगड झाले. शेवटचे दोन-तीन मजले ते वेगाने आले आणि आदळले. रंगाऱ्याचा खुबा मोडला, दोरवाल्याचे दोन्ही तळहात भाजले.

आम्ही अपघाताची नोंद करून पंचनामा केला, दोर, यंत्र, हातमोजे असे सारे सामान जप्त केले. दुपारी ठाण्यात फोन आला. आवाज पुरुषाचा होता.

"साहेब, दोराला तेल लावलंया. कुणी लावलं ते इचारा. त्या दोघांचं वाकडं हाय, सगळ्या कारखान्याला ठावं हाय."

फोन बंद झाला. नोंद स्टेशन डायरीत घेतली. जप्त केलेला दोर बाहेर काढून बोटांत धरला. तो खरोखर तेलकट होता.

आता हेतू होता, धमकी होती आणि साधनही होते. वरिष्ठांनी फोनवर सांगितले, "खुनाचा प्रयत्न दिसतोय. संध्याकाळपर्यंत अटक दाखवा." मला वावगे वाटले नाही; दोरवाला स्वतःही त्याच दोरावर होता, हे तेव्हा ध्यानातच आले नाही. शिकवल्याप्रमाणे तिन्ही कोन जुळत होते.

दोरवाल्याला समोर बसवले. दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. चहाचा पेला हवालदाराने त्याच्या तोंडाला लावला.

"दोराला तेल होतं?"

"हुतं साहेब. दोन माणसांचा भार पडला तवा कळलं. दांडा सोडला तरी थांबंना."

"वर जाण्याआधी तपासलं का नाहीस?"

"त्याची मान खाली पडलीती. तपासाय कोण थांबतंय?"

"त्याचं आणि तुझं भांडण होतं."

"व्हय. अजून हाय. बरा होऊन आला की परत भांडणार हाय. पाणी आमचंच हाय."

खोटे बोलणारा माणूस भांडण लहान करून सांगतो, असा माझा अनुभव. हा ते पुढे चालू ठेवायला निघाला होता. मी थोडा अडलो. अटकेचा कागद बाजूला ठेवून रुग्णालयात गेलो.

रंगारी शुद्धीवर आला होता. डॉक्टरांनी पाच मिनिटे दिली. मी विचारले, तुला कोणी मुद्दाम पाडले असे वाटते का? त्याने छताकडे पाहिले. त्याला फार काही आठवत नव्हते. पांढरे काहीतरी आजूबाजूला वाहत होते आणि कोणीतरी कानाशी सतत शिव्या देत होते, एवढेच.

"शिव्या?"

"डोळं उघड, मेल्या, असं म्हनत हुता. साहेब, त्यो भांडकुदळ हाय. पण जीव घ्यायला सात मजलं चढंल एवढा कष्टाळू न्हाय."

परिचारिका हसली. मी हसलो नाही, पण ते वाक्य घेऊनच ठाण्यात परतलो.

जप्त सामान पुन्हा टेबलावर मांडले. यंत्राच्या बिजागरीत हळदकुंकवाचा तेलाने ओला गोळा अडकलेला होता. सकाळच्या पंचनाम्यातही हवालदाराने लिहिले होते: 'यंत्रावर हळदकुंकू'. मी ते वाचले होते, खाली सहीही केली होती. तरी ते मला दिसले नव्हते, कारण दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीच्या शस्त्रपूजेला, आमच्या ठाण्यातल्या बंदुकांनाही तेल लावून कुंकू वाहिले होते, आणि आरती मीच केली होती. रोजच्या सवयीची वस्तू पुरावा म्हणून दिसत नाही. तपास करणाऱ्याने हे कायम ध्यानात ठेवावे.

तसाच कारखान्यात गेलो. स्टोअर सांभाळणारे गृहस्थ साठी ओलांडलेले. सगळे त्यांना आप्पा म्हणत. उभी हयात फौंड्रीत लोखंड ओतण्यात गेलेली, निवृत्तीनंतर इथे. मी फळीवरची पक्कड उचलली. तेलाने चकचकीत, वर कुंकवाचे बोट. हातोडा तसाच, कप्पी तशीच.

"आप्पा, सुटकेच्या दोराला तेल कोणी लावलं?"

"मीच की. चोरून कशाला लावीन? सगळ्यांच्या म्होरं लावलं. पेढंबी वाटलं."

"दोराला?"

"दोराला जरा जास्तच. माणूस वाचवायचं सामान हाय ते साहेब. त्याची पूजा पयली."

त्यांच्या चेहऱ्यावर अपराध नव्हता. चांगले काम केल्याचे समाधान होते. हे यंत्र घर्षणावर चालते, त्याला तेल म्हणजे घात, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. माहितीचा कागद पिशवीच्या तळाशी इंग्रजीत होता आणि त्याची घडी कधी उलगडलेलीच नव्हती.

स्टोअरमध्ये तशीच दुसरी पिशवी होती, तशीच पुजलेली. पंचांसमोर तिचा दोर शेडच्या तुळईला बांधला आणि यंत्राला माणसाच्या वजनाची वाळूची गोणी लावली. दांडा सोडला, गोणी थांबली. मग दुसरी गोणी जोडली. दांडा सोडला तरी दोन्ही गोण्या सरकत राहिल्या, आधी हळू, मग सुसाट, आणि जमिनीवर आपटून फुटल्या. दोरवाला एकटा उतरताना यंत्राने का फसवले नाही, याचे उत्तर तेथे मिळाले.

आप्पा वाळूकडे पाहत हळूहळू खाली बसले. वाळूवर हात ठेवून म्हणाले,

"मग ह्या दोगांस्नी धरलं कुणी?"

मी दोरवाल्याचे जप्त केलेले हातमोजे दाखवले. जाड चामड्याचे होते ते. तळव्याच्या जागी आरपार भोके होती. शेवटचे दोन-तीन मजले यंत्र नव्हतेच. ज्याच्याशी पाण्यावरून वैर होते, त्याला या माणसाने दोर केवळ मुठीत आवळून खाली आणले होते. आप्पांनी एक मोजा हातात घेतला, भोकात आपले बोट घातले, आणि मान वर केली नाही.

अटकेचा कागद मी फाडला आणि कारण डायरीत लिहिले. कामगारांना सामान देऊन त्याचे शिक्षण न देणाऱ्या व्यवस्थापनाविरुद्ध आणि ठेकेदाराविरुद्ध निष्काळजीपणाचा अहवाल गेला. फोन करणारा कोण, हे शेवटपर्यंत कळले नाही. त्याने सांगितलेला शब्द न् शब्द खरा होता, हेही नोंदवतो. सर्व तथ्ये खरी असून निष्कर्ष खोटा असू शकतो, हा धडा मला नोकरीच्या अखेरीस मिळाला. दुष्टपणा शोधण्यात आम्ही पोलीस पटाईत असतो. श्रद्धेने, प्रेमाने, सर्वांसमोर पेढे वाटून केलेली चूक आमच्या नजरेला सापडत नाही.

आजही धुक्याच्या सकाळी ते दोघे मला उतरताना दिसतात. जमीन कोठेच नसते. एकजण दुसऱ्याला शिव्या देत असतो आणि घट्ट धरून असतो.

वाचकांना एक विनंती. तुमच्या कारखान्यात, बांधकामावर किंवा सोसायटीत अशी पिशवी असेल तर ती आज उघडा. आतला कागद वाचा, नाहीतर वाचून घ्या. दोर दोन बोटांत धरून पाहा. मी सांगितले म्हणून विश्वास ठेवू नका, स्वतः तपासा.