खोबणीतलं कुंकू

आमच्या गल्लीतला बादशहाभाई हवेच्या रायफली दुरुस्त करतो. "माझ्या हातनं गेलेली रायफल परत येत न्हाय," हे दिवसातनं चारदा म्हणणार. ऐकून ऐकून माझे कान किटले हुते.

माझी पोरगी क्रांती नेमबाजी करते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिची निवड चाचणी. म्हणून नवी नळी बसवायला बादशहाभाई खंडेनवमीला घरीच आला. जुनी नळी काढली, नळी बसायची खोबण चकाचक पुसली आन् हात धुवायला मागं गेला. मी तवर हत्यारं पुजत हुतो. कोयता झाला, विळा झाला, पान्हा झाला. मग रायफलच तेवढी उपाशी ठेवायची व्हय? उघड्या खोबणीत चांगलं बोटभर ओलं कुंकू लावलं. भाई आला, खोबण आधीच पुसलेली म्हणून न बघताच नळी बसवली, स्क्रू आवळले, च्या पिऊन गेला.

दसऱ्याला क्रांती सरावाला गेली, तर सगळे छर्रे डावीकडं. रडतच घरी आली. माझं डोस्कं फिरलं. रायफल आन् क्रांतीला घेऊन भाईच्या दुकानात गेलो आन् चार गिऱ्हाइकांदेखत सुनावलं, "घ्या, आली की परत. उद्या पोरीची चाचणी हाय आन् तुमची नळी वाकडी."

भाईनं रायफल शिकंज्यात धरली, स्क्रू सोडले, नळी ओढून काढली. बॅटरी मारून खोबणीत बघितलं. आत वाळलेली लाल खपली, नळी तिच्यावर तिरकी बसलेली. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं.

"काय झालंय चाचा?" क्रांतीनं विचारलं.

"माझंच चुकलं पोरी. खोबण पुसायची ऱ्हायली."

चार माणसांत म्हणाला. आन् मी त्याच्या हातातली बॅटरी घेऊन उजेड धरला. त्यानं खपली खरवडली, नळी पार तळापतूर बसवली, स्क्रू आळीपाळीनं थोडे थोडे आवळले. मागच्या परड्यात क्रांतीनं पाच छर्रे मारले, पाची एका भोकात.

पोरीची निवड झाली. पेढे वाटले, पण मला गोड लागंना. भाई ते वाक्य म्हणायचाच बंद झाला. महिनाभर मी वाट बघितली. शेवटी काल दुकानात गेलो आन् बसल्या माणसांदेखत सांगून टाकलं, "कुंकू मी घातलंतं."

भाईनं मान वर केली न्हाय. "ठाव हाय. पुढल्या साली लाकडी दस्त्याला लाव. बस, च्या सांगतो."

च्या येतोय तवर गारगोटी गावचं एक गिऱ्हाईक आलं. रायफल ठेवून म्हणालं, "भाई, नीट हुईल न्हवं?"

"पावणं," भाई म्हणाला, "माझ्या हातनं गेलेली रायफल परत येत न्हाय."

मी म्हटलं, "खरं हाय."